सिंगापूरची कोरडी पत्रं

पान अकरा, वरून सातवी ओळ. ‘जानेवारी १९६७. जिब्राल्टरच्या अलीकडे मुख्य टर्बाइन निकामी. टगबोटींनी ओढून परत आणले. फेब्रुवारी ते सप्टेंबर, दुरुस्तीसाठी चॅटमच्या गोदीत.’ एवढंच. वरच्या ओळीत आदल्या नाताळात जहाजाच्या भट्टीत किती पाव भाजले त्याचा आकडा, खालच्या ओळीत नव्या कप्तानाचं नाव. मी ती ओळ चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून वाचली, मग पुस्तिका खिडकीशी नेऊन वाचली, जणू नॉटिंगहॅमच्या फेब्रुवारीतल्या उजेडात ती बदलणार होती. बदलली नाही. टेबलावरच्या लापशीवर साय धरली. त्या वर्षी फेब्रुवारी ते सप्टेंबर माझा नवरा सिंगापूरला होता. त्याची तिथून आलेली पत्रं माझ्याकडे आहेत, एकोणतीस, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आणि चॅटम काही सिंगापूरला नाही. चॅटम केंटमध्ये आहे, लंडनच्या पलीकडे, आमच्या घरापासून दोन गाड्या बदलून पाच तासांवर.

पुस्तिका मंगळवारी टपालानं आली होती. ‘बेलहेवन : एका मदतनौकेचा सेवा-इतिहास’, अठरा पानं, मुखपृष्ठावर जहाजाचा फोटो. लिहिणारा हेडली पिअर्स, जहाजावरच्या जुन्या लोकांच्या संघटनेचा सेक्रेटरी. आज गुरुवारी अकरा वाजता तो स्वतः गाडी घेऊन यायचा होता, माझ्या नवऱ्याची, क्लिफर्डची, राख न्यायला. क्लिफर्ड नोव्हेंबरात गेला. मरण्याआधी त्यानं लिहून ठेवलं होतं की आपली राख गॉस्पोर्टसमोरच्या पाण्यात सोडावी, जिथे ‘बेलहेवन’ नांगर टाकून पडलेली असायची. मला विचारलं नव्हतं. लिहून ठेवलं आणि कागद कपाटात, माझ्या हातमोज्यांच्या खाली ठेवला. मी दोन दिवस पुस्तिका उघडली नाही, कारण या जहाजाशी माझं कधी पटलंच नाही. आज उघडली ती एवढ्याचसाठी, की माणूस दारात आला आणि वाचलंत का म्हणाला तर तोंड दाखवायला जागा हवी.

काय इतिहास! १९३८ साली बर्कनहेडला बांधली. युद्धात अलेक्झांड्रिया, मग त्रिंकोमाली. मग माल्टा, मग वर्षानुवर्षं गॉस्पोर्ट. लढली कुठेच नाही. तिचं काम पाणबुड्यांना पोसण्याचं. पाणबुड्या तिच्या कुशीला येऊन लागायच्या आणि आतली पोरं, आठवडेच्या आठवडे अंघोळ नसलेली, डिझेलच्या वासाची, वर चढून यायची. तिच्यावर त्यांना गरम पाणी, ताजा पाव, सुकी गादी, दातांचा डॉक्टर, टॉर्पेडो, आणि घरची पत्रं. म्हणून सगळे तिला आई म्हणायचे. पिअर्सनं तसंच लिहिलंय, तिसऱ्या पानावर: ‘आम्हा सर्वांची ती आई होती.’ दहा हजार टनांची लोखंडी आई. माझा नवरा बारा वर्षं त्या आईच्या पोटात टपालखातं सांभाळत बसला, पाणबुड्यांची पत्रं वाटत. पोस्टी म्हणायचे त्याला. आणि त्याची खरी आई, हाडामांसाची, उजवं अंग लुळं पडलेली, नॉटिंगहॅमच्या रॅडफर्ड भागातल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत माझ्या हातून लापशी खायची.

एडिथ ऑलसॉप. माझी सासू. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तीस वर्षं तिनं लाँड्रीत काढलेली; मी सिगारेटच्या कारखान्यातली, म्हणून मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा ती शेजारणीला माझ्यादेखत म्हणाली होती, ‘आमच्या क्लिफनं तंबाखूच्या वासाची आणलीय.’ कपडा हाताला लागला की त्यात किती ओल आहे ते ती सांगायची. दोरीवरून काढलेली चादर बोटांत चोळून म्हणायची, ‘अजून अर्धा तास,’ आणि खरंच अर्ध्या तासानं ती वाळलेली असायची. १९६६ च्या डिसेंबरात, नाताळच्या दहा दिवस आधी, ती इस्त्री हातात असतानाच कोसळली. इस्त्री पडली तिथला फरशीचा डाग मी ते घर सोडेपर्यंत होता. क्लिफर्ड नाताळच्या रजेवर आला. आईच्या खोलीच्या दारात उभा राहिला, टोपी हातात, आणि आत आला नाही. ‘झोपलीय,’ म्हणाला. ती टक्क जागी होती, त्याच्याकडेच बघत होती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी लाळ पुसली. चार जानेवारीला तो गेला. ‘बेलहेवन’ त्याच्या काळात पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघत होती, सिंगापूरला, नऊ महिने. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले होते. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, ‘तू आहेस म्हणून बरं आहे, मॅव्हिस.’ मला ते वाक्य किती दिवस पुरलं! सत्तावीस वर्षांची होते, कौतुकाची भुकेली.

म्हणजे निघाला तेव्हा खरंच निघाला होता, हे मला आज कळतंय. खोटं बोलायला त्याला सुरुवातही करावी लागली नाही. जहाज महिन्याभरात ओढून परत आणलं, आणि त्यानं फक्त ते सांगितलं नाही. एवढं सोपं. आणि आमची टपालाची रीत अशी, की त्याला लपायची गरजच नव्हती. जहाज जगाच्या पाठीवर कुठेही असो, नौदलातल्या माणसाच्या पत्राचा पत्ता एकच, लंडनच्या टपाल कार्यालयाचा. तिथून ते पुढे जायचं. जहाजावरून येणाऱ्या पत्रालाही आपलंच राणीचं तिकीट, आणि त्यावर ठसा नुसता ‘सागरी टपाल’ असा, त्यात गावाचं नाव नाही. शत्रूला जहाजाचा ठावठिकाणा कळू नये म्हणून. तो ठसा पोस्टीच्याच टेबलावर असायचा. शत्रू कोण, ते आता मला नीट कळलं.

पत्रं मी मोठ्यानं वाचून दाखवायची. खालच्या खोलीत, तिच्या पलंगाशी, दुपारी तिचं अंग पुसून पावडर लावून झाली की. काय लिहायचा! इथे पाऊस असा की कपाटातल्या बुटांवर बुरशी चढते. पाव सकाळी आणला की संध्याकाळी हिरवा. एक चिनी शिंपी आहे, तो माप न घेता नुसतं बघून शर्ट शिवतो. माकडं दोरीवरचे मोजे पळवतात. कागद इतका सर्द होतो की शाई फुटते, अक्षर वाईट आलं तर माफ कर. माकडांचं वाचताना मला हसू यायचं, आणि मग त्या हसण्याची लाज वाटायची. सासूबाई ऐकून घ्यायची. संपलं की डावा हात पुढे करायची. मी पत्र हातात द्यायची, तर ती अंगठा आणि बोट यांत कागद धरून चोळायची, हळूहळू, चादर चोळायची तसं. मला वाटायचं, पोराच्या हातचं आहे म्हणून कुरवाळतेय. एप्रिल असेल, तोंड जरा सुटायला लागलं होतं, एकेक शब्द यायचा. ती म्हणाली, ‘कागद कोरडा.’ मी म्हटलं, ‘हो आई.’ ती म्हणाली, ‘जवळ आहे.’ कोण जवळ आहे? ‘पोरगं. जवळ.’ आणि तिकिटावरच्या राणीवर बोट ठेवलं. मी तिला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं, की सगळ्याच जहाजांच्या पत्रांना राणीचं तिकीट असतं, क्लिफनंच सांगितलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ मी लावला तो असा, की म्हातारीचं डोकं गेलं.

मी त्याला बोलावलं नाही असं नाही. जूनमध्ये लिहिलं, आई खंगत चाललीय, रजा मिळते का बघ. उत्तर आलं, सात हजार मैलांवरून एका माणसाला घरी पाठवायचं तर अ‍ॅडमिरलची सही लागते, आणि तार पाठवू नकोस, तारा अधिकाऱ्यांच्या हातून जातात, उगाच बोभाटा होतो. तू आहेस म्हणून बरं आहे. तेच वाक्य. मी तार पाठवली नाही. ऑगस्टात उकडत होतं, खोलीत वास मारायचा, मी रोज दोन चादरी धुवायची, आणि तिनं एकच धोशा लावला होता: ‘बोलव. जवळ आहे. बोलव.’ सकाळी तेच, लापशी भरवताना तेच. एके दिवशी चमचा माझ्या हातून वाटीत आपटला आणि मी ओरडले. शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल. ‘तो सिंगापूरला आहे! पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! तुमच्यासाठी काय जहाज वळवायचं? कळत कसं नाही तुम्हाला?’ तिनं तोंड मिटलं. चांगली बाजू होती त्या बाजूनं डोकं भिंतीकडे वळवलं आणि पुन्हा एकदाही त्याचं नाव घेतलं नाही. चौथ्या दिवशी, एकोणीस ऑगस्टला, गेली. ते भिंतीकडे वळलेलं डोकं मी त्रेचाळीस वर्षं सांभाळलंय, माझा एकटीचा अपराध म्हणून. मरणाऱ्या बाईवर ओरडले. त्याला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘तू थकली होतीस. मनाला लावून घेऊ नको.’ त्यानं मला माफ केलं! टेबलावरची साय धरलेली लापशी मी मोरीत ओतली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना पिअर्स आला. पंचाहत्तरीचा, गोल, लाल गालांचा, संघटनेचा टाय, हातात पॉलिश केलेली लाकडी पेटी. राखेसाठी स्वतः बनवलेली. मी चहा ठेवला, कस्टर्डची बिस्किटं ठेवली. तो बसल्याबसल्या बोलायलाच लागला, जहाजाबद्दल, दुसरं काय.

‘वाचलीत का पुस्तिका, मॅव्हिस? क्लिफ असता तर चार चुका काढल्या असत्या त्यानं. तारखांच्या बाबतीत पोस्टी म्हणजे पक्का.’

‘पान अकरा वाचलं,’ मी म्हटलं. ‘सदुसष्ट साली जहाज चॅटमला होतं?’

‘अहो, काय सांगू! सबंध उन्हाळा! गोदीतलं पाणी काढून ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली. आम्ही म्हणायचो, आईनं पाय वर घेतलेत. सिंगापूरसाठी पांढरे कपडे शिवून घेतलेले सगळ्यांनी, आणि बसलो कुठे, तर चिखलात!’ तो हसला, बिस्किटाचा चुरा टायवर पडला.

‘सगळे? क्लिफसुद्धा?’

‘पोस्टी कुठे जाणार? जहाज ठोकळ्यावर असलं तरी टपाल येतंच. पाणबुड्या खऱ्याखुऱ्या सिंगापूरला होत्या ना, त्यांची पोरं आम्हाला कार्डं पाठवायची, जळवायला. पोस्टी ती मोठ्यानं वाचून दाखवायचा. माकडं मोजे पळवतात म्हणे! आम्ही लोळायचो हसून. रविवारी तर तो आमच्याकडेच. माझी बायको तेव्हा चॅटमशेजारी गिलिंगहॅमला खोली घेऊन राहायची. काय खायचा! भाजलेले बटाटे आठ-आठ.’

‘घरी का जात नाहीस असं कुणी विचारलं नाही त्याला?’

‘विचारलं तर. मीच विचारलं. पण बिचाऱ्याची आई नुकतीच गेलेली. घर खायला उठतं म्हणाला. आणि तुम्ही...’ तो थांबला. कप खाली ठेवला.

‘मी काय?’

‘तुम्ही माहेरी गेलात, असं म्हणाला. काही दिवस. जुन्या गोष्टी आहेत, मॅव्हिस.’

‘आई कधी गेली म्हणाला?’

‘फेब्रुवारीत. आम्ही परत आलो त्याच आठवड्यात. तारीख चुकायची नाही माझी, कारण आम्ही तिच्यासाठी फुलदाणी केली. वर्कशॉपमध्ये, तोफगोळ्याच्या पितळी टरफलाची. आमच्या आईवर, म्हणजे जहाजावर, काय वाटेल ते बनायचं, घड्याळाच्या काट्यापासून पाणबुडीच्या झडपेपर्यंत. नाव मी स्वतः कोरलं. एडिथ ऑलसॉप, १९६७. एक मार्चला पुरं केलं, त्याच दिवशी माझी मोठी मुलगी झाली. पोस्टी फुलदाणी हातात घेऊन रडला, सगळ्यांसमोर. अजून आहे का ती?’

आहे. क्लिफर्ड सप्टेंबरात ‘सिंगापूरहून’ आला तेव्हा कागदात गुंडाळलेली घेऊन आला होता. आई गेल्याचं तुझं पत्र मिळालं आणि परतीच्या वाटेवर पोरांनी बनवली, असं म्हणाला होता. आम्ही दोघांनी मिळून ती थडग्यावर बसवली. दरवर्षी मातृदिनाच्या रविवारी तो पिवळी नर्गिसाची फुलं घेऊन जायचा, खिशात पितळेची पॉलिश आणि फडकं. त्रेचाळीस वर्षं घासली त्यानं ती. लोक म्हणायचे, काय मुलगा आहे! मीही म्हणायची. एक मार्चला मी काय करत होते? पाठीला फोड आला होता तिच्या, मी दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवत होते. ती गुरगुरायची, अर्ध्या तोंडानं. जिवंत होती, चांगली खणखणीत, आणि पाच तासांवर एक माणूस पितळेवर तिचं नाव कोरत होता आणि तिचा मुलगा रडत होता. जिवंतपणीच माती दिली तिला. त्याला ती मेलेलीच बरी पडत होती, लाळ गळणारी नको होती. आणि रडणं खरं असणार. त्याचाच मला जास्त संताप आला.

‘एडिथ ऑलसॉप,’ मी म्हटलं, ‘एकोणीस ऑगस्टला गेली, मिस्टर पिअर्स. एक मार्चला तिनं माझ्या हातून लापशी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्या अंगावर थुंकली.’

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा गालांवरचा लाल रंग उतरला. त्यानं बोटानं टायवरचा चुरा झाडला, मग पुन्हा झाडला, नव्हता तरी. ‘मला माहीत नव्हतं,’ म्हणाला. ‘देवाशपथ.’ मग कप बाजूला सरकवून, ‘भित्रा होता तो तसा. आजारी माणसाजवळ जायचा नाही. पाणबुडीतून कुणी जखमी वर आणलं की पोस्टी टपालखात्याचं दार लावून घ्यायचा. पण माणूस मेलाय, मॅव्हिस. आता काय धरून बसायचं?’

‘मेलाय ते दिसतंय मला. कपाटावर आहे.’

आम्ही दोघांनीही कपाटाकडे बघितलं. स्मशानातून मिळालेला हिरवा प्लॅस्टिकचा डबा, फिरकीच्या झाकणाचा. पिअर्स लाकडी पेटी मांडीवर घेऊन उठू का बसू अशा बेतात होता. ‘शनिवारी बोट ठरवलीय,’ तो हळूच म्हणाला. ‘बिगुलवाला येतोय. नऊ पोरं येतायत, एक तर स्कॉटलंडहून.’

‘पोरं! सगळ्यात लहान पोर एक्काहत्तरचं असेल.’

‘त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, मॅव्हिस. शेवटची इच्छा आहे.’

‘लिहिण्यात तो हुशारच होता. एकोणतीस पत्रं आहेत माझ्याकडे, दाखवू?’

‘मग पोरांना सांगू काय मी?’

‘सांगा, टर्बाइन निकामी झाली. वाटेतूनच परत आणलं.’

तो गेला. पेटी दारातच विसरला. मी गल्लीत जाऊन त्याच्या हातात दिली, कारण ती माझ्या घरात नको होती. वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या बायकोनं माझ्या नवऱ्याला आठ-आठ बटाटे वाढले आणि मी त्याच रविवारी चादरी उकळत होते, हे काही मला विसरता येईना. घरात आल्यावर मी डबा कपाटावरून काढला. जड असतो, लोकांना वाटतं त्यापेक्षा जड. बाजाराच्या पिशवीत तो ठेवला, पत्रांचा पत्र्याचा डबा ठेवला, कुंडीतलं खुरपं ठेवलं, आणि बस पकडली. शेजारी बसलेली बाई म्हणाली, ‘आज काय बटाटे स्वस्त आहेत का?’ मी म्हटलं, ‘फुकट मिळाला.’ ती हसली. मीही हसले, आणि मग खिडकीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षं एका टेबलावर चहा प्यायले, ज्यानं कधी आवाज चढवला नाही, माझ्या गुडघ्यांना तेल लावलं, तो चांगला नवरा होता. मीही त्यावर विश्वास ठेवून आयुष्य काढलं. आता ते सगळं हातात घेऊन चोळून बघावं लागणार, प्रत्येक दिवस, किती कोरडा ते. या वयात तेवढा वेळ कुठून आणायचा?

टेकडीवरच्या दफनभूमीत दुपारी कुणी नव्हतं. फुलदाणी रिकामी होती. नोव्हेंबरपासून कुणी घासली नसल्यानं काळी पडलेली. मी ती फिरवून दगडाच्या खाचेतून काढली, बाजूला आडवी ठेवली आणि दगडापुढची माती खुरप्यानं उकरायला लागले. परवानगी लागते, अर्ज लागतो, मला माहीत आहे. माती पावसानं मऊ होती. गुडघे दुखले तशी कोट खाली घालून बसले. कोपरभर खोल गेल्यावर पत्र्याचा डबा उघडला आणि पत्रं तळाशी लावली, एकोणतीसच्या एकोणतीस. लावताना प्रत्येक बोटांत धरून बघितलं. त्रेचाळीस वर्षांनीही कसा करकरीत कागद! सिंगापूरच्या पावसात बुटांना बुरशी चढत होती म्हणे, आणि कागदाला साधी सुरकुती नव्हती. हे तिला लुळ्या अंगानं पहिल्याच चोळण्यात कळलं होतं. मला डोळे होते, हात होते, आणि मी तिला गप्प केलं.

‘आई,’ मी म्हटलं. ‘कागद कोरडा होता. तुमचं बरोबर होतं. तो जवळच होता. मी ओरडले, ते चुकले मी.’

मग हिरव्या डब्याचं झाकण फिरवलं आणि त्याला पत्रांवर ओतलं. वाऱ्यानं थोडा माझ्या बाहीवर आला, तो मी झटकून खाली पाडला. माती लोटली, तळहातानं दाबली, फुलदाणी पुन्हा खाचेत बसवली. ‘आणलाय,’ मी तिला म्हटलं. ‘बोलव म्हणाला होतात ना.’ आणि त्याला म्हटलं, ‘आता बस इथे. दार लावता येणार नाही.’

कोपऱ्यातल्या नळावर झारी होती. मी ती काठोकाठ भरून आणली आणि त्या जागेवर ओतली. पाणी मुरलं. परत जाऊन दुसरी भरून आणली, मग तिसरी, सगळी पत्रं तळापर्यंत भिजतील एवढी.